पोलाद भिलाईचे, वाढ कोणाची?

आर्थिक वाढ मोजणे म्हणजे एका वर्षात तयार झालेल्या नव्या मूल्याची आदल्या वर्षाशी तुलना करणे. कारखान्याने विकलेल्या मालाच्या किमतीतून विकत घेतलेला कच्चा माल, कोळसा, वीज यांची किंमत वजा केली की उरते ते त्या कारखान्याचे मूल्यवर्धन. देशातली सगळी शेते, कारखाने, दुकाने आणि कचेऱ्या यांचे मूल्यवर्धन एकत्र करायचे, त्यात निव्वळ अप्रत्यक्ष कर मिळवायचे, की झाले सकल देशांतर्गत उत्पादन. त्यातून भाववाढ काढून टाकली की खरी वाढ. व्याख्या एवढीच आहे आणि ती सर्वांना मान्य आहे. भांडण सुरू होते ते ‘किंमत’ या शब्दापाशी.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा आकडा जाहीर झाला. स्थिर किमतींनी वाढ ८.२ टक्के, चालू किमतींनी ८.७ टक्के. म्हणजे देशातल्या सगळ्या उत्पादनाची मिळून भाववाढ अवघी अर्धा टक्का. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय लेखा आकडेवारीला ‘सी’ श्रेणी दिली. लगेच दोन तट पडले. एकाला ८.२ हा पराक्रम वाटला, दुसऱ्याला बनाव. २०१९ मध्ये माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी २०११-१२ ते २०१६-१७ या काळातली वाढ सात टक्के नसून साडेचार टक्क्यांच्या आसपास असावी असे लिहिले, तेव्हाही हेच घडले होते. इतक्या वर्षांत वाद पुढे सरकला नाही, कारण दोन्ही तट देशाची एकच बेरीज धरून भांडतात. बेरीज बरोबर की चूक हे तपासलेच पाहिजे. पण बेरजेतला रुपया कुठे घडला, कोणाच्या खात्यात दिसला आणि त्यावरचा कर कोणाला मिळाला, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

या वादाला चिकटून आणखी एक आकडा अर्थसंकल्पाच्या चर्चांत गेली काही वर्षे फिरतो आहे: २.४५. सरकारने भांडवली कामांवर एक रुपया खर्च केला तर राष्ट्रीय उत्पन्नात २.४५ रुपयांची भर पडते, आणि तोच रुपया लोकांच्या हातात रोख दिला तर ०.९८ रुपयाची, असे सांगितले जाते. या पटीला गुणक म्हणतात. हा अंदाज दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसीतील सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ मध्ये मांडला. लेखकांनी तो एका प्रतिमानाच्या चौकटीत, गृहीतके सांगून मांडला होता. पुढे गृहीतके गळाली आणि आकडा तेवढा उरला. महाराष्ट्रातली ‘लाडकी बहीण’ किंवा छत्तीसगढची ‘महतारी वंदन’ या रोख मदतीच्या योजनांवर टीका करताना तो आता निकालपत्रासारखा वापरला जातो: रस्ता अडीच पट देतो, बाईच्या खात्यात टाकलेले पैसे एक पटही देत नाहीत. टीकेला इतर चांगले आधार असतील. हा आधार मात्र टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे भिलाईइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे ठिकाण देशात नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत झाला. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. आयसीएसमध्ये असताना देशमुखांनी शेजारच्याच रायपूर जिल्ह्यात जमीन महसुलाच्या फेरआकारणीचे काम केले होते. आकारणी अधिकारी गावोगाव फिरतो, मातीची प्रत ठरवतो, पिकाचा अंदाज घेतो, खंड किती आणि भाव काय ते विचारतो, आणि त्यावरून सारा बसवतो. या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, पण एक गुण होता: मोजणी आणि कर एकाच शिवारात, एकाच कागदावर होत. आपल्या कोणत्या उत्पन्नावर काय सारा लागला हे शेतकऱ्याला दिसत असे. त्याच मुलखात पुढे देशातली फार मोठी भांडवली गुंतवणूक झाली, तेव्हा ही गाठ सुटली. पोलाद भिलाईत झाले, त्याची किंमत दिल्लीत ठरली आणि नफा इतरत्र मोजला गेला.

कारखान्यासाठीचे सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचे, बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचे होते. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. सुरुवातीची क्षमता दहा लाख टनांची. ती पुढे पंचवीस आणि १९८८ मध्ये चाळीस लाख टनांवर गेली. लोहखनिज दक्षिणेकडच्या दल्ली-राजहरा इथल्या खाणींतून येई. शेतजमिनी गेलेल्या गावांच्या जागी आखीव सेक्टर उभे राहिले. केरळ, आंध्र, बिहार, पंजाब, विदर्भ अशा सगळीकडून माणसे आली आणि या गावाला लोक ‘मिनी इंडिया’ म्हणू लागले.

या गुंतवणुकीचा पहिला रुपया कुठे गेला? मोठा हिस्सा सोव्हिएत कारखान्यांकडे, यंत्रांच्या किमतीपोटी. राष्ट्रीय लेख्यात आयात वजा होते, म्हणून त्या हिश्श्याने भारताच्या उत्पन्नात त्या वर्षी काहीच भर घातली नाही. उरलेला रुपया खोदकाम, बांधकाम आणि मजुरी यांत गेला, आणि त्यातला मजुरीचा भाग तेवढा दुर्गच्या बाजारात फिरला. म्हणजे ज्या खर्चाला भांडवली म्हणून गौरवायचे, त्याचा भिलाईपुरता गुणक रोज संध्याकाळी तांदूळ, तेल, कापड घेणाऱ्या मजुराच्या हातूनच चालला. त्याच्या हातात रुपया मजुरी म्हणून आला की मदत म्हणून, हे दुकानदाराच्या गल्ल्याला कळत नाही.

याहून मोठी गोष्ट किमतीची. पोलादाची किंमत जानेवारी १९९२ पर्यंत सरकार ठरवत असे. १९५६ पासून तीत भाडे-समानीकरण आले. प्रत्येक टनाच्या किमतीत देशभरच्या वाहतुकीचे सरासरी भाडे मिळवायचे आणि माल कुठेही पोचवला तरी भाव एकच ठेवायचा, अशी ही व्यवस्था. भिलाईच्या फाटकाबाहेर छोटा कारखाना काढणाऱ्याने प्रत्यक्षात न झालेल्या वाहतुकीचे भाडे भरायचे, आणि हजार किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला ते भाडे जवळपास माफ. खनिजाच्या शेजारी असण्याचा जो एकमेव फायदा निसर्गाने या भागाला दिला होता, तो एका आदेशाने पुसला गेला. कापसाला असे समानीकरण लागू नव्हते. मुंबईच्या गिरण्यांना त्यांच्या जागेचा लाभ मिळतच राहिला.

हा पैसा कुठे गेला, याचे उत्तर मराठी वाचकाला सोयीचे नाही. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी उद्योगाला छत्तीस वर्षे भिलाईचे पोलाद रायपूरच्या भावात मिळाले. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचा इतिहास सांगताना बंदर, भांडवल, कारागिरी, सहकार यांची नावे घेतली जातात आणि ती खरीही आहेत. भाडे-समानीकरणाचे नाव मात्र कोणी घेत नाही. राज्यांच्या उत्पन्नाच्या तक्त्यात या व्यवस्थेसाठी रकाना नव्हता. कर लावला असता तर तो अर्थसंकल्पात दिसला असता, अनुदान दिले असते तर विधिमंडळात प्रश्न आला असता. किमतीच्या आत लपवलेले हस्तांतरण दोन्हींतून सुटले. पोलादाचा नियंत्रित भाव कमी म्हणून मध्य प्रदेशाच्या तक्त्यात भिलाईचे मूल्यवर्धन कमी दिसले. तेच पोलाद वापरून केलेल्या यंत्राचा भाव मोकळा, म्हणून पुण्याचे मूल्यवर्धन जास्त दिसले. रोख मदतीला ‘फुकटची वाटणी’ म्हणणाऱ्यांनी देशाच्या इतिहासातल्या या मोठ्या वाटणीचा हिशेब आधी मांडायला हवा. ती गरिबाकडून संपन्नाकडे झाली.

१९९२ मध्ये ही व्यवस्था संपली. २०१७ च्या जुलैपासून वस्तू आणि सेवा कर आला, आणि तो मालाच्या वापराच्या ठिकाणी लागतो. भिलाईत घडलेल्या गजावरचा राज्याचा वाटा जिथे इमारत उभी राहते तिथल्या राज्याला मिळतो. उपभोगावरच्या कराचे तत्त्व म्हणून ते शुद्ध आहे. परिणाम मात्र पुन्हा तोच. उत्पादक राज्याला धूळ, अवजड वाहतूक, खचलेले रस्ते आणि आटलेले पाणी. ग्राहक राज्याला महसूल. त्यापोटीची भरपाई जून २०२२ मध्ये थांबली. खनिजाच्या स्वामित्वशुल्काचा आधार तेवढा राहिला. लोहखनिजावर पूर्वी टनामागे ठरलेला दर होता. २००९ पासून तो किमतीच्या टक्केवारीत आला, दहा टक्के, आणि २०१४ पासून पंधरा टक्के. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले की स्वामित्वशुल्क हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर स्वतंत्र कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्या खटल्यात प्रतिवादी म्हणून नाव होते ते भिलाईची मालक असलेल्या स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचे, म्हणजे सेलचे. खनिज राज्यांची बाजू प्रथमच एवढ्या ठामपणे मान्य झाली.

आता भाववाढ वजा करण्याच्या कामाकडे वळावे. एका पोलाद कारखान्याचे सोपे उदाहरण घ्यावे. पहिल्या वर्षी त्याने १०० रुपयांचे पोलाद विकले. कोकिंग कोळसा आणि इतर माल ६० रुपयांचा घेतला. मूल्यवर्धन ४० रुपये. दुसऱ्या वर्षी तेवढेच टन, तोच भाव, तेवढाच कोळसा. फक्त कोळसा आणि इतर माल दहा टक्क्यांनी स्वस्त झाला. खरेदी ५४ रुपयांवर आली, मूल्यवर्धन ४६ झाले. कारखान्याने एक किलोही जास्त पोलाद केले नाही, म्हणजे खरी वाढ शून्य. पण पद्धत अशी असेल की मूल्यवर्धनाला फक्त विकलेल्या मालाच्या भावनिर्देशांकाने भागायचे, तर पोलादाचा भाव स्थिर असल्यामुळे वाढ पंधरा टक्के दिसते. भारतात २०११-१२ च्या मालिकेत कारखानदारीसाठी हीच एकेरी पद्धत होती. विकलेल्या मालातून त्याची भाववाढ आणि घेतलेल्या मालातून त्याची भाववाढ वेगवेगळी काढणे, ही दुहेरी पद्धत होय. ती नव्या मालिकेत, २०२२-२३ हे आधारवर्ष धरून, आणायचे सांख्यिकी मंत्रालयाने ठरवले. निर्णय योग्य आहे आणि तो फार उशिरा झाला. भारतीय पोलाद उद्योगाचा कोकिंग कोळसा मोठ्या प्रमाणात परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो. तिथला भाव उतरला की इथे ‘वाढ’ होते, आणि चढला की भट्ट्या पूर्ण क्षमतेने पेटलेल्या असतानाही ‘घट’. जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात घाऊक भाववाढ शून्याच्या आसपास होती. ८.२ हा आकडा बनाव आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्यातला काही भाग उत्पादनाचा नसून स्वस्त झालेल्या खरेदीचा आहे, हे सांगितल्याशिवाय तो आकडा उच्चारू नये.

२०१५ साली आलेल्या मालिकेत आणखी एक बदल झाला होता. त्याआधी कारखाना हे मोजणीचे एकक होते. उद्योगांच्या वार्षिक पाहणीचा कर्मचारी फाटकापाशी जाऊन हिशेब घेई. नव्या मालिकेत कंपनी हे एकक झाले. भिलाई, बोकारो, राउरकेला, दुर्गापूर, बर्नपूर या सगळ्यांची मिळून सेल ही एक कंपनी. तिचे लेखे दिल्लीत तयार होतात. कंपन्यांचे मूल्यवर्धन आधी देशासाठी काढायचे आणि मग वार्षिक पाहणीतल्या प्रमाणाने राज्यांना वाटून द्यायचे, अशी रीत पडली. आर. नागराज यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी या पद्धतीवर सातत्याने लिहिले. छत्तीसगढच्या वाढीचा दर हा त्यामुळे अंशतः मोजणीचा आणि अंशतः भागाकाराचा दर आहे. जिल्ह्याबद्दल तर बोलायलाच नको.

रुळांची गोष्ट याच संदर्भात समजून घेण्यासारखी आहे. भारतीय रेल्वेला लागणारे रूळ दीर्घकाळ एकट्या भिलाईने पुरवले. आता तिथे तुकडे जोडून २६० मीटर लांबीचे रूळ तयार होतात. त्यांची किंमत बाजारात ठरत नाही. दोन सरकारी बाजू खर्चाचा हिशेब करून ती ठरवतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी रुपये दाखवला होता आणि त्यात रेल्वेचा वाटा मोठा. रुळाची किंमत दहा टक्क्यांनी वाढवली तर रेल्वेचा भांडवली खर्च वाढतो, सेलचे मूल्यवर्धन वाढते, आणि एक मीटरही रूळ जास्त टाकलेला नसतो. गुणकाच्या समीकरणात हा रुपया प्रत्यक्ष बांधलेल्या पुलाच्या रुपयाशेजारी बसतो.

अशा जागी आठवण होते ती व्ही. के. आर. व्ही. राव यांची, आणि त्यांच्यावर थोडे अधिक थांबायला हवे. १९३१-३२ च्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला काटेकोर अंदाज त्यांचा. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते, आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व राव हे सदस्य. मोजणी उभी करणाऱ्या या माणसाने १९५२ साली गुणकावर एक निबंध लिहिला. केन्सचा गुणक अविकसित अर्थव्यवस्थेला लागू पडत नाही, असे त्यात त्यांनी म्हटले. केन्सपुढे इंग्लंड होते: यंत्रे बंद, कामगार रिकामे, मागणी आली की दोन्ही सुरू. भारतात रिकामा माणूस शेतावर दडलेला, यंत्रे मुळातच कमी, अन्नधान्य पावसावर. मागणी वाढली तरी माल लगेच वाढत नाही. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले तर तो आधी स्वतः पोटभर खातो आणि बाजारात कमी आणतो. म्हणून गुणक चालतो, पण तो रुपयांतल्या उत्पन्नावर. वस्तूंतल्या उत्पन्नावर फार थोडा. बाकीचे भाववाढ खाऊन टाकते.

भिलाईच्या करारापूर्वी तीन वर्षे लिहिलेला हा निबंध २.४५ च्या भक्तांनी वाचावा. रावांचा मुद्दा रोख मदतीविरुद्ध नव्हता आणि भांडवली खर्चाविरुद्धही नव्हता. कोणत्याही सरकारी रुपयाचे फळ त्या रुपयाच्या नावावर अवलंबून नसते. ज्या ठिकाणी तो पोचतो तिथे काय विकत मिळते, यावर ते ठरते. आज धान्याची कोठारे भरलेली आहेत, म्हणून रावांची सगळी गृहीतके जशीच्या तशी लागू नाहीत. छत्तीसगढात तर भात मुबलक आहे. पण प्रश्न तोच: दुर्गच्या बाजारातला साबण, पंखा, सायकल, औषध कुठे बनते? ते बाहेर बनत असेल तर भिलाईच्या पगाराचा गुणक बाहेरच चालतो, आणि महतारी वंदनच्या हजार रुपयांचाही.

खर्चाचे नाव किती लवचीक असते हे याच जिल्ह्यांतल्या भाताने दाखवले. दुर्ग जिल्ह्यातल्या पाटणचे भूपेश बघेल मुख्यमंत्री झाले तेव्हा भाताला क्विंटलमागे २५०० रुपये देण्याचे वचन होते. हमीभावावर राज्याने बोनस दिला तर केंद्रीय साठ्यासाठी तांदूळ घेणार नाही, अशी केंद्राची भूमिका. मग हमीभाव वेगळा दिला गेला आणि वरचा फरक २१ मे २०२० पासून ‘राजीव गांधी किसान न्याय योजना’ या नावाने लागवडीसाठीचे साहाय्य म्हणून हप्त्यांनी दिला गेला. पुढच्या सरकारने तीच गोष्ट वेगळ्या नावाने ३१०० रुपयांवर नेली. नाव कोणतेही असो, शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम तीच, शेत तेच, भात तोच. भाव म्हणून दिली असती तर ती पिकाच्या मूल्यात मोजली गेली असती. साहाय्य म्हणून दिली तर ती हस्तांतरणाच्या रकान्यात जाते आणि ०.९८ चा शिक्का घेऊन बसते.

इथपर्यंतच्या विवेचनातून असे वाटणे साहजिक आहे की किंमत हाच दोष आहे, तर किंमत सोडून वस्तू मोजाव्यात: इतके टन पोलाद, इतके मीटर रूळ, इतके क्विंटल भात. या लेखाचाही कल तिकडेच होता. पण भिलाईच या मार्गावर अडवते. ज्या देशाने कारखाना उभा करून दिला, तो देश असाच हिशेब ठेवत असे. सोव्हिएत पद्धतीत राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे भौतिक वस्तूंचे उत्पन्न. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका यांचे काम त्यात धरलेच जात नसे. त्या हिशेबाने भिलाईची भट्टी दिसते आणि तिच्या शाळा, सेक्टर ९ चे रुग्णालय, वाचनालये अदृश्य होतात. भिलाईत पिढ्या बदलल्या त्या याच गोष्टींमुळे. शेतमजुराच्या घरातला मुलगा अभियंता झाला तो टनांच्या तक्त्यात कुठेच नाही. तेव्हा टन हा आसरा नव्हे. किंमत ठेवावीच लागते. ती कोणी ठरवली हे सोबत लिहावे लागते.

महाराष्ट्रात एकदा वस्तूंनीच मोजणी झाली होती. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतले रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने मोजले, राज्याच्या सरासरीशी ताडले आणि सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. ती पद्धत सरकारने काय पुरवले ते सांगते, लोकांनी काय मिळवले ते नाही. तिचा हा उणेपणा खरा आहे. पण तिने मोजणीला जागा परत दिली. विदर्भाच्या माणसाला आपल्या जिल्ह्याचा आकडा हातात मिळाला आणि तो घेऊन त्याला भांडता आले. गोंदियाच्या पलीकडे, राज्याची सीमा ओलांडली की, दुर्ग आणि दल्ली-राजहऱ्याच्या बालोद जिल्ह्यातल्या माणसाकडे असा कागद नाही.

दल्ली-राजहऱ्याच्या खाणमजुरांनी मात्र स्वतःचा हिशेब मांडला होता, आणि मोजणीवर घेतलेली इतकी गंभीर हरकत अर्थशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच सापडेल. १९७७ मध्ये ठेकेदारांच्या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. जूनच्या २ आणि ३ तारखेला गोळीबार झाला, अकरा माणसे गेली. पुढे खाणींच्या यांत्रिकीकरणाचा प्रश्न आला. बस्तरच्या बैलाडिल्यात यांत्रिकीकरणापाठोपाठ हजारो मजुरांची कामे गेली होती आणि १९७८ मध्ये किरंदुलला गोळ्या चालल्या होत्या. संघटनेने नुसता विरोध केला नाही, अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय दिला: जिथे माणसाचे हात पुरतात तिथे हात, जिथे पाठ मोडते तिथे यंत्र.

राष्ट्रीय लेख्याच्या भाषेत हा पर्याय मांडून पाहावा. हाताने खोदलेल्या टनाचे मूल्यवर्धन बहुतांश मजुरीचे. यंत्राने खोदलेल्या टनाचे मूल्यवर्धन बहुतांश नफ्याचे आणि घसाऱ्याचे. सकल उत्पादनातून घसारा वजा होत नाही, म्हणून झिजणारे यंत्रही उत्पन्न म्हणून मोजले जाते. खनिज तेवढेच, बेरीज तेवढीच. तक्ता दोन्ही खाणी सारख्याच दाखवतो. एकीत हजारो घरांच्या चुली पेटतात, दुसरीत यंत्राचे हप्ते फिटतात, आणि हा फरक दाखवायला वाढीच्या दराकडे साधनच नाही. संघटनेने दारूविरुद्ध मोहीम चालवली. दारूची विक्री घटली की उत्पादनाचा आकडा आणि राज्याचा अबकारी महसूल दोन्ही घटतात. मजुरांच्या घरात वाढ होते ती मोजली जात नाही. १९८३ मध्ये मजुरांनी वर्गणी आणि श्रम देऊन शहीद रुग्णालय उभे केले. विटा-सिमेंट मोजले गेले असेल. सुटीच्या दिवशी वाहिलेली घमेली नाही.

नियोगींनी पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी जगण्यालायक वेतनाची मागणी लावून धरली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत, रात्री झोपेत असताना, त्यांना गोळी घालून मारण्यात आले. पुढच्या वर्षी १ जुलैला रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. तो उदारीकरणाचा पहिला काळ होता. वाढीच्या दराचा आलेख तिथून वर चढलेला दाखवतात.

पोलाद कारखान्यातही नंतर हेच घडत गेले. १९८० च्या दशकात खाणींसह कायम कामगारांची संख्या साठ हजारांच्या घरात होती. आज ती निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसे आहेत, कायम कामगाराच्या पगाराच्या लहानशा हिश्श्यावर. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईत राहून या दोन वर्गांतली दरी ग्रंथबद्ध केली. लेख्यांत ती प्रगतीसारखी दिसते. टनांना फक्त कायम मनुष्यबळाने भागले की दरडोई उत्पादकता भराभर वाढते. ठेकेदाराला दिलेली रक्कम कंपनीच्या वहीत विकत घेतलेली सेवा म्हणून गेली, तर तोच झाडू, तोच माणूस, तीच भट्टी असूनही त्याची मजुरी कारखानदारीतून उठून सेवाक्षेत्रात जाते. सेवाक्षेत्र वाढले म्हणून अर्थव्यवस्था प्रौढ झाली, असे मग सांगण्यात येते. कायम कामगार निवृत्त होतो आणि त्याच्या जागी कंत्राटी माणूस येतो, तेव्हा दुर्गच्या बाजारातली मागणी किती घटते, हा राजकोषीय परिणाम कुठल्याच अर्थसंकल्पात नसतो. सार्वजनिक उपक्रमाचे वेतनधोरण हे राजकोषीय धोरणच आहे. भिलाईत तर त्याच्याइतका परिणामकारक दुसरा कोणताही सरकारी खर्च झालेला नाही.

म्हणून मागणी अशी आहे. दुहेरी पद्धतीने काढलेले आकडे राज्यावर थांबू नयेत. दुर्ग आणि बालोद या जिल्ह्यांसाठी दरवर्षी तीन रकाने शेजारी-शेजारी छापावेत: मूल्यवर्धन किती, त्यातली मजुरी किती, आणि त्यावरचा कोणता कर कोणत्या सरकारला गेला. हे तीन रकाने समोर येईपर्यंत २.४५ आणि ०.९८ यांची तुलना धोरणाच्या चर्चेत आणू नये. आणि चौथा रकाना खनिजाचा. मार्च २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या नव्या आंतरराष्ट्रीय मानकात निसर्गसंपत्तीची झीज हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. राज्याच्या निव्वळ उत्पन्नातून आज यंत्रांचा घसारा वजा होतो, डोंगराचा होत नाही. दल्ली-राजहऱ्याचे चांगले खनिज सरत आले, म्हणून रावघाटच्या खाणींकडे रेल्वेमार्ग नेला गेला. कारखाना सुरू झाल्यापासून दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातून जे निघाले, त्याची वजाबाकी एकाही वर्षाच्या उत्पन्नात झालेली नाही.